माझा चौथा बूट

मी एक जुनी लाकडी घोडी आहे. मित्रांनो, लगेच गवत शोधायला धावू नका. दोन शिड्या वरच्या टोकाला बिजागरीने जोडल्या आणि मधे साखळी लावली, की चार पायांवर आपली आपण उभी राहणारी जी शिडी तयार होते, तिला रंगारी लोक घोडी म्हणतात. ती मी. भिंतीला टेकून उभे राहणे मला कधी जमले नाही आणि खरे सांगायचे तर आवडलेही नाही. सध्या माझा मुक्काम एका हॉस्पिटलच्या व्हरांड्यात आहे. एका बाजूला लिफ्ट आणि दुसऱ्या बाजूला फरशी पुसायच्या बादल्या, अशी माझी संगत.

रंगाऱ्याची घोडी हॉस्पिटलात काय करते, असे तुम्हाला वाटेल. माझ्यावर एक आळ आहे, मित्रांनो. घोडीने दगा दिला, असे माझ्या रंगाऱ्याने चार माणसांसमोर सांगितले आणि ते कागदावर लिहूनही घेतले गेले. ते ऐकले त्या दिवसापासून माझ्या लाकडात जी चीर पडली आहे, ती भेगा बुजवायच्या कोणत्याही लांबीने भरणारी नाही. म्हणून सगळे पहिल्यापासून सांगते.

मला एका सुताराने घडवले. तो मोठा कटकट्या माणूस होता. रंगारी हात वर करून उभा राहिला की त्याचा ब्रश कुठवर पोचतो, त्याचा गुडघा किती वाकतो, हे सगळे मोजून त्याने माझ्या नऊ पायऱ्या बसवल्या. शेवटी चार पायांना चार जाड काळे रबरी बूट चढवले आणि रंगाऱ्याला बजावले, "घोडीचा जीव तिच्या बुटांत असतो. एक जरी गेला तरी वर चढायचं नाही." रंगारी तेव्हा ऐन विशीत होता. त्याने मान डोलावली. मान डोलावणे सोपे असते.

पुढची एकोणीस वर्षे आम्ही दोघांनी मिळून भिंती रंगवल्या. शाळांचे वर्ग, दातांचे दवाखाने, शिवणकामाची दुकाने, कुणाचे स्वयंपाकघर. माझ्या अंगावरचे थेंब पाहिले तर अजूनही त्यातली घरे ओळखता येतील. तिसऱ्या पायरीवर एका बाळाच्या खोलीचा पिवळा आहे. सातवीवर एका वकिलाच्या कचेरीचा तपकिरी आहे, तो मात्र माझ्या नशिबी उगीच आला. रंगारी लोकांना सांगायचा, "माझी घोडी माणसापेक्षा बरी. बोलत नाही आणि हलत नाही." हे ऐकून मी आणखी ताठ उभी राहायची.

हलत नाही म्हणायचा खरा, पण मला हलवायचा तोच. रंगाऱ्यांची एक खोड असते. छताचा एक पट्टा रंगवून झाला की खाली उतरायचे, घोडी सरकवायची आणि पुन्हा नऊ पायऱ्या चढायच्या, याचा त्यांना कंटाळा येतो. मग ते माझ्या माथ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसतात, अंगाला एक झोका देतात आणि वरच्या वर मला पुढे टाकतात. आधी दोन पाय, मग उरलेले दोन. याला म्हणतात घोडी चालवणे. माझा रंगारी त्यात पटाईत होता. हातात रंगाचा डबा असला तरी थेंब सांडायचा नाही. घरातली मुले टाळ्या वाजवायची. तुमच्यापासून काय लपवायचे, मलाही ते आवडायचे. सुताराने पाहिले असते तर आम्हा दोघांना झोडपले असते.

रंगाऱ्याच्या घरी तो, त्याची आई आणि धाकटा भाऊ असे तिघे. धाकट्याला सगळे बारक्या म्हणतात. त्याला दारातून आत येताना आडवे व्हावे लागते, एवढाच काय तो बारकेपणा. मनाने मात्र लोण्याहून मऊ. कुणाचे काही दुखले, सांडले, अडले की हा सगळ्यात आधी धावणार. धावण्याआधी थांबून बघणे एवढे मात्र त्याला कुणी शिकवलेले नाही.

एकदा न्हाणीघरात आईची काठी ओल्या फरशीवरून सटकली. काठीचे रबर झिजून गेले होते. आईने नळ धरला म्हणून थोडक्यात निभावले, कोपराला खरचटले तेवढेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बारक्या सुरी घेऊन माझ्यापाशी आला आणि माझ्या मागच्या डाव्या पायाचा बूट कापून काढला. तो काठीच्या टोकाला असा चपखल बसला, की जणू तिच्यासाठीच केला होता. मला राग आला नाही. म्हातारीसाठी एक बूट गेला तर गेला.

"दादा, घोडीला उद्या नवीन आणतो," बारक्या म्हणाला.

"आण. पण आईला बोलू नकोस. घोडीचा काढलाय कळलं तर ती काठीला हात लावायची नाही."

मग रंगाऱ्याने माझ्या उघड्या पायाला फडके गुंडाळले. माझ्या दांड्यावर थाप मारून तो म्हणाला, "बूट येईपर्यंत तुला चालवणार नाही, बरं का." मित्रांनो, हे वाक्य तुम्हीही लक्षात ठेवा. मी तर ते विसरूच शकत नाही.

बारक्याचा उद्या अकरा दिवस उगवला नाही.

बाराव्या दिवशी आम्ही एका निवृत्त शिक्षिकेच्या बैठकीच्या खोलीत होतो. गुळगुळीत चकचकीत फरशी. छत जवळजवळ संपले होते, फक्त खिडकीवरचा वीतभर पट्टा राहिला होता. बारक्या अंगणात रंग कालवत होता. रंगाऱ्याने पट्ट्याकडे पाहिले, खाली पाहिले, पुन्हा पट्ट्याकडे पाहिले. मला त्याचा विचार कळला. एकोणीस वर्षांत माझ्या पायऱ्यांना त्याच्या तळव्यांची भाषा कळू लागली होती. त्याने दोन्हीकडे पाय टाकले आणि झोका दिला.

पहिले पाऊल नीट पडले. दुसऱ्या पावलाला फडके सुटले आणि माझा उघडा पाय फरशीवरून निसटला. मी उरलेल्या तीन बुटांनी फरशी घट्ट धरून ठेवली, पण तीन पायांवर कुणाला किती वेळ तोलणार? तो पाठीवर पडला. खाली रंगाचा पत्र्याचा डबा होता. डब्याची कड त्याच्या कमरेच्या जरा वर बसली.

आवाज ऐकून बारक्या धावत आला. आल्या आल्या त्याने भावाच्या काखेत हात घातले आणि त्याला उचलून भिंतीशी बसवले. पाठ चोळली. पाणी पाजले. मग म्हणाला, "ऊठ दादा, उभा राहा. चाललास की मोकळं होईल."

"पाय जड झालेत रे," रंगारी म्हणाला.

बारक्याने त्याला ओढून उभे केले. पाय कापडासारखे दुमडले. तेवढ्यात शिक्षिका आतून आल्या आणि त्यांनी दारातूनच दरडावले, "त्याला हात लावू नका. पाठीला लागलं असेल तर माणसाला हलवायचं नसतं." मग त्यांनीच सगळे हाती घेतले. मला मिटवून जमिनीवर आडवे केले, वर जाजम पसरले. शेजारच्या तिघांना बोलावले आणि रंगाऱ्याला न वाकवता, डोके-पाठ-पाय एका रेषेत धरून, माझ्यावर ठेवले. टेम्पोतून हॉस्पिटलपर्यंत मी त्याला नेले. ज्या घोडीवरून पडला तीच त्याला घेऊन गेली. खड्ड्याखड्ड्याला मी अंग आवळून धरत होते. त्याचा उजवा अंगठा माझ्या दांड्यावर हळूहळू आपटत होता. टक, टक. तो आपटत होता याची साक्षीदार मी आहे.

दारात एका कारकुनाने कागद पुढे केला. "कसे पडलात?"

रंगाऱ्याने बारक्याकडे पाहिले. बारक्याने जमिनीकडे पाहिले. तेवढ्यात मागून त्यांची आई आली, घाईघाईने, काठी टेकत. काठीला माझा बूट होता.

"घोडी सरकली," रंगारी म्हणाला. "घोडीनं दगा दिला."

कारकुनाने ते जसेच्या तसे लिहिले. बारक्याने मला लाथ मारली आणि म्हणाला, "हिला फोडूनच टाकतो." माझा बूट ज्याने कापला त्याचीच ती लाथ. मला चालवणार नाही म्हणाला होता त्याचाच तो शब्द. मी दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मला तोंड असते तर त्या दिवशी मी एक शब्दही गिळला नसता.

हॉस्पिटलच्या वायरमनने मला वाचवले. "फोडताय कशाला? आमची शिडी मोडलीय, मला द्या," म्हणून तो मला घेऊन गेला. माणूस व्यवस्थित. त्याने पहिल्याच दिवशी माझे पाय मोजले. चौथ्या पायाखाली तो टायरचा जाड तुकडा ठेवायचा, ठेवल्याशिवाय चढायचा नाही, आणि वर बसून मला चालवण्याचा विचारही त्याच्या मनात कधी आला नाही. चांगले वागवायचा मला. पण मी त्याची नव्हते.

दिवे दुरुस्त करण्याच्या निमित्ताने मी रंगाऱ्याच्या वॉर्डात जायची. त्याच्या मणक्याचे ऑपरेशन पडला त्याच रात्री झाले होते. तरी तिसऱ्या दिवशी पाहिले तर नर्स रंगाऱ्याच्या उजव्या तळव्यावर किल्लीचे टोक ओढत विचारत होती, "कळतंय?" तो म्हणत होता, "नाही." माझ्या दांड्यावर आपटत आलेला तो अंगठा आता चादरीखाली निपचित होता.

दोन आठवड्यांनी वायरमन रंगाऱ्याच्याच खाटेवरचा पंखा उतरवत होता, म्हणजे आम्ही अगदी उशाशी होतो, तेव्हा मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. रंगाऱ्याने इतके दिवस मनात दाबून ठेवलेले बोलून टाकले.

"डॉक्टर, मी इथं आलो तेव्हा अंगठा हलत होता. तुमच्या हातात आल्यावर गेला. तुम्ही नक्की काय केलंत?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. "विचारलंत ते बरं केलंत. मार एकदाच बसतो. पण नुकसान तिथं थांबत नाही. तुमच्या मणक्यांच्या आत मज्जारज्जू आहे, करंगळीएवढा जाड, आणि तो हाडांच्या नळीत बसलाय. पोटरीला मार लागला तर सूज बाहेर फुगते, तिला जागा असते. तिथं जागाच नाही. सूज आली की दाब वाढतो, रक्त पोचत नाही. आम्ही ऑपरेशन करून जागा करून दिली. पण सूज नुसतं पाणी नसतं."

"मग काय असतं?"

"मदतीला आलेले लोक. मज्जारज्जूत राखणदार पेशी असतात. एरवी गप्प असतात. मार बसला की त्या जाग्या होतात आणि रक्तातल्या पेशींना हाका मारतात. सगळ्या धावत येतात, मेलेलं साफ करायला. पण त्या घाईत असतात. साफ करता करता शेजारचे चांगले तंतूही पोळून काढतात. पहिल्या मारातून वाचलेले तंतू मग पुढच्या काही दिवसांत जातात. तुमच्या अंगठ्याचं तसं झालं असावं."

रंगारी म्हणाला, "म्हणजे माझ्याच अंगानं मला दगा दिला."

"दगा नाही म्हणणार मी. त्या वाचवायलाच आल्या होत्या. कधी थांबायचं ते त्यांना कळलं नाही."

"मग औषध देऊन मारून टाका ना त्या सुजेला."

"सगळीच मारली तर कचरा कोण उचलणार? जखम भरायची सुरुवातही तीच करते. किती राहू द्यायची आणि कधी आवरायची, ते आम्हांलाही अजून पुरतं उमगलेलं नाही. पुष्कळ लोक त्याच्या मागे लागलेत." मग त्यांनी कागद उलटून विचारले, "पडल्यावर तुम्हाला कुणी उचलून बसवलं होतं का?"

बारक्या खाटेच्या पायथ्याशी उभा होता, तेवढा मोठा माणूस एकदम लहान दिसू लागला. "मी," तो म्हणाला. "उभं पण केलं. माझ्यामुळं झालं का हे?"

"कुणामुळे किती, ते आता मोजता येत नाही. खोटा धीर देणार नाही आणि खोटा दोषही लावणार नाही. उजव्या पायात थोडी जाणीव शिल्लक आहे. व्यायाम सुरू करू."

त्या गेल्या. वायरमन पंखा घेऊन खाली उतरला आणि त्याची नजर आईच्या काठीवर गेली. बिचाऱ्याला काही माहीत नव्हते. तो आपला सहज बोलला, "आजी, तुमच्या काठीचा बूट अगदी माझ्या घोडीच्या बुटासारखा आहे. हिचा एक हरवलाय."

माझे चारही दांडे ताठ झाले. आता तरी कुणीतरी बोलेल असे वाटले.

"तसले बूट सगळीकडे मिळतात," रंगारी म्हणाला. बारक्याने मूग गिळले. दुसऱ्यांदा, मित्रांनो. माझ्या समोर, माझ्याकडे न बघता. आईने काठी उलटी करून बूट निरखला. त्याच्या कडेला पिवळ्या रंगाचा एक थेंब होता, बाळाच्या खोलीचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच व्हरांड्यात आली. एक बादली पालथी घालून तिच्यावर बसली. माझ्या तिसऱ्या पायरीवरच्या पिवळ्या थेंबांवरून तिने बोट फिरवले. मग काठीचा बूट ओढून काढला आणि वाकून, धापा टाकत, माझ्या उघड्या पायात चढवला. कित्येक दिवसांनी मी चार पायांवर सारखी उभी राहिले. आणि ती उठली. फरशी नुकतीच पुसलेली होती. उघड्या काठीचा आवाज येऊ लागला. टक, टक, टक.

मला तो बूट नको होता. मी ओरडू शकले असते तर सगळे हॉस्पिटल डोक्यावर घेतले असते. भले करायला आलेल्या प्रत्येकाने काहीतरी मोडून ठेवले होते, आणि आता ती निघाली होती.

आवाज आत पोचला. वॉर्डाचे दार उघडेच होते.

"आई," रंगाऱ्याने हाक मारली. "काठीचा बूट कुठाय?"

"जिचा होता तिला दिला."

"थांब तिथंच. एक पाऊल टाकू नकोस. बारक्या, जा, तिला धर." लगेच त्याने आवाज खाली आणला. "ओढू नकोस. आधी विचार तिला, कुठं धरू म्हणून."

बारक्या आला. आईच्या समोर उभा राहिला, आणि मी त्याला पहिल्यांदा थांबलेले पाहिले. "कुठं धरू, आई?" त्याने विचारले. तिने कोपर पुढे केले.

खाटेपाशी पोचल्यावर आई म्हणाली, "आता सांग."

"घोडी सरकली नाही, आई. तिला बूट नाही हे मला माहीत होतं. तरी मी तिला चालवली. उतरायचा कंटाळा केला."

"मग त्या मुक्या घोडीचं नाव का घेतलंस?"

"काठीचं कळलं असतं तर तू काठी टाकून दिली असतीस."

"टाकलीच असती," आई म्हणाली, आणि खाटेच्या कडेला बसून रडली. मी बाहेरून ऐकत होते. मला वाटले होते, खरे बोलले की माझा राग निघून जाईल. तो तसाच राहिला. माझे नाव धुऊन निघाले ते वॉर्डाच्या त्या एका खाटेपाशी, आणि तेही माझ्या पाठीमागे.

बारक्या तडक खाली गेला आणि समोरच्या दुकानातून काठीसाठी नवा बूट घेऊन आला. अकरा दिवस न झालेले काम पाच मिनिटांत झाले.

यालाही आता पाच महिने झाले. रंगारी चार पायांच्या वॉकरला धरून व्हरांड्यात येतो. डावा पाय अजून फरफटतो. उजवा उचलतो, आणि त्याचा अंगठा मनात आले तर हलतो, नाही तर नाही. चालायला सुरुवात करण्याआधी तो रोज बारक्याकडून वॉकर उलटा करून घेतो आणि चारही रबरी बूट एकेक करून दाबून बघतो. बघून झाल्याशिवाय पाऊल टाकत नाही. बारक्या शेजारून चालतो, हात पाठीमागे बांधून. ते हात कसे शिवशिवतात, ते मला इथून दिसते.

काल तो माझ्यापाशी थांबला. त्याने माझ्या दांड्यावर हात ठेवला, पूर्वी थाप मारायचा तिथेच. मी वाट पाहिली. तो वायरमनला म्हणाला, "हिला वर बसून कधी चालवू नका हं." बस्स, एवढेच. मग वॉकर पुढे टाकत तो लिफ्टकडे गेला.

मित्रांनो, कुणी पडले तर धावत जरूर जा, पण पोचल्यावर थांबा. पाठीला, मानेला लागलेल्या माणसाला ओढून बसवू नका, उभे करू नका. त्याच्याशी बोला, त्याला स्थिर ठेवा आणि जाणत्या माणसाला बोलवा. तुमच्या घरातल्या शिड्यांचे पाय आजच मोजा, उद्यावर ढकलू नका. आणि कधी तुम्हीच पडलात आणि कुणी कागद पुढे करून विचारले, कसे पडलात, तर खरे सांगा. खालच्या मजल्यावर एका फायलीत तो कागद अजून आहे. त्यावर अजूनही माझेच नाव आहे.